आकृती चौदा

सपकाळांचं पत्र मला आलं ते १९९६ सालच्या डिसेंबरात. टाइप केलेलं होतं. वरचा अर्धा कागद अक्षरांनी भरलेला, खालचा अर्धा कोरा. मजकूर एका वाक्याच्या मधेच थांबला होता. मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवून दिलं. पत्रच अपुरं आहे, त्याला उत्तर काय द्यायचं, असं मी स्वतःला सांगितलं. हे कारण मला एकोणतीस वर्षं पुरलं.

मी तेव्हा नांदगिरीच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. दर रविवारी सकाळी अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या लायब्ररीत जाऊन पुस्तकं कॅसेटवर वाचायचो. भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली होती. तिथे कोणी बघत नसे, म्हणून मला बोलता येत असे. वाचकांसाठीचा नियम दारामागे चिकटवलेला होता: वाचणाऱ्याने पदरचं काही घालू नये, चित्र आलं की ‘आकृती अमुक, वगळली आहे’ एवढं म्हणून पुढे जावं. कथाकादंबऱ्यांना त्याने काही बिघडत नसे. मी अकरा पुस्तकं अशी वाचली.

बारावं पुस्तक म्हणजे एक माहितीपुस्तिका होती. आमच्या गावच्या मोठ्या रुग्णालयाने टेलिफोनसाठी संगणकाची नवी प्रणाली घेतली होती. तिथला ऑपरेटर भिकाजी सपकाळ जन्मापासून आंधळा. त्याला पुस्तिका वाचता येणार नाही, म्हणून रुग्णालयाने आपली एकुलती एक प्रत लायब्ररीकडे पाठवली आणि मी ती वाचली.

सपकाळाशी माझी ओळख त्या कॅसेटवरूनच झाली. त्यानेच फोन केला होता, “मास्तर, पुस्तक घेऊन या बरं एकदा. तुम्ही मला चौदाव्या आकृतीत सोडून गेलाय.” मी मास्तर नव्हतो, पण तो मला तेच म्हणायचा.

तो नोव्हेंबरातला गुरुवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. अपघात विभागाला लागूनच टेलिफोनची खोली होती. एक टेबल, त्यावर संगणक आणि कळफलक, दोन खुर्च्या, कोपऱ्यात जुन्या फायलींचं लोखंडी कपाट. कपाट भिंतीला टेकलेलं नव्हतं. मागे वायरींसाठी हातभर जागा सोडली होती.

“या मास्तर,” मी दाराशी पोचायच्या आत सपकाळ म्हणाला. “आत यावं का नको, झाला का विचार करून?”

“कसं ओळखलंत?”

“पेपरमिंट. आणि तुम्ही आधी खाकरता, मग विचार करता, मग परत खाकरता. कॅसेटमध्ये पण तसंच आहे. दोन्ही बाजू पाठ आहेत मला. बायको नाही ते बरंय. नाहीतर म्हणाली असती, हा कुठला बाप्या दिवसभर घरात बोलतोय.”

तो अठ्ठावीस वर्षांचा होता, काटक, इस्त्रीचा शर्ट घातलेला. बोलताना उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवरून सारखी फिरत असायची, काही वाचत असल्यासारखी.

“एक सांगा,” तो म्हणाला. “बारावी आकृती वगळलीत, ठीक. तेरावी वगळलीत, ठीक. चौदावीला मात्र अडकलो बघा. ‘अपघात विभागातलं लाल बटण दाबल्यावर बाहेरच्या सर्व लाइनी आपोआप अडवल्या जातात. आकृती चौदामध्ये दाखवल्याप्रमाणे त्या मोकळ्या कराव्यात.’ कराव्यात, मान्य. पण कशा? मजकुरात पुढं एक अक्षर नाही.”

“माझं चुकलंच,” मी म्हणालो. “पण आमचा नियम आहे…”

“नियमच तो. फक्त तो करणाऱ्याला चित्रं दिसत होती.” तो हसला. “आणलंय ना पुस्तक? मग आधी चहा घेऊ. लाल बटण काय आजच वाजतंय होय?”

चहा आला. आम्ही तो प्यायलो. मला घाई करवत नव्हती. माझ्याशी कोणी इतकं मोकळं सहसा बोलत नसे. पुस्तक पिशवीत होतं. ते रुग्णालयाचं असल्यामुळे मी त्याला खाकी कागदाचं वेष्टन घालून सुतळीने बांधलं होतं.

कप खाली ठेवतो न ठेवतो तोच बाहेर हॉर्न ऐकू आला. थांबतच नव्हता. मग ब्रेक, मग बायकांचं किंचाळणं. पटवर्धन सिस्टर दारातून ओरडल्या, “सपकाळ, हायवेवर जीप आणि ट्रक! अकरा जण आहेत. डॉक्टर इनामदारांना घरी फोन लावा, ताबडतोब!” आणि तशाच परत धावल्या. त्यांच्या पांढऱ्या बुटांचे लाल ठसे फरशीवर राहिले.

त्याच क्षणी संगणकातून एक सलग शिट्टी सुरू झाली. कोणीतरी लाल बटण दाबलं होतं.

सपकाळाने नंबर फिरवला. शिट्टी. परत फिरवला. शिट्टी. त्याची बोटं कळांवरून सरसर फिरली आणि थांबली.

“अडकल्या. सगळ्या लाइनी अडकल्या. मास्तर, चौदा! चौदावी आकृती सांगा!”

मी पुस्तक बाहेर काढलं. आणि इथे मी जे केलं ते लिहायला आजही नको वाटतं. मी वेष्टन फाडलं नाही. सुतळीची गाठ सोडत बसलो. आयुष्यभर पुस्तकांची पार्सलं मी तशीच उघडली होती. गाठ घट्ट होती. मी नखाने ती उकरत होतो आणि सपकाळ म्हणत होता, “मास्तर? मास्तर, आहात ना?”

गाठ सुटली. एक्केचाळिसावं पान मी उघडलं, आणि दार भिंतीवर आपटलं.

चार जण होते. पुढच्याच्या शर्टाचा पुढचा भाग पूर्ण रक्ताने भिजला होता. रक्त त्याचं नव्हतं. हातात जीपच्या जॅकचा दांडा. त्याला आत येताना बघून माझे पाय आपोआप मागे गेले. मी ठरवलं असं काही नाही. पाठीला भिंत लागली तेव्हा कळलं, की मी कपाटामागे आहे.

“फोन कुठं लागलाय? डाक्टर कुठाय?”

“लावतोय भाऊ. एक मिनिट. लाइनी अडकल्यात.”

“माझा भाऊ मरतोय तिथं, आणि तू मिनिट मागतोस?”

“मास्तर, सांगा!” सपकाळ मान वळवून ओरडला, पण मी आधी जिथे बसलो होतो त्या रिकाम्या खुर्चीकडे.

“कोणाशी बोलतोय ह्यो?” मागचा एक म्हणाला. मग त्याने सपकाळाचा काळा चष्मा ओढून काढला. “आरं, आंधळं हाय! आंधळं बसवलंय फोनवर!”

पहिला तडाखा दांड्याचा नव्हता, हाताचा होता. सपकाळ खुर्चीसकट कलला. त्याला मानेला धरून उठवलं आणि त्याचं तोंड कळफलकावर आपटलं. एकदा, दोनदा. कळा उडून फरशीवर पडल्या. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा ओठ फाटला आणि रक्त टेबलावरच्या चहाच्या कपात गेलं. शिट्टी चालूच होती. एकाने ती बंद पाडायला दांड्याने पडदा फोडला. पडदा फुटला, शिट्टी थांबली नाही. त्या आवाजाने ते जास्तच पिसाळले. कोणी लाथ घातली, कोणी रिसीव्हरची वायर त्याच्या गळ्याभोवती टाकून ओढली. सपकाळ एका हाताने वायर धरून होता आणि दुसऱ्या हाताने अजून टेबलावर कळा चाचपत होता.

ते रक्तवाल्याला दिसलं. “ह्योच हात फोन लावत न्हाई, व्हय?” त्याने टेबलाचा खण उघडला, सपकाळाचा उजवा हात मनगटाला धरून त्यात घातला आणि खणावर लाथ मारली.

सुपारी फुटावी तसा आवाज झाला.

सपकाळ ‘आई’ म्हणाला नाही. तो “चौदा” म्हणाला. खण परत उघडला, परत लाथ. “चौदा.” परत. “चौदा. चौदा.”

“मोजतंय काय रं ह्ये?” एक जण म्हणाला आणि हसला. हसणारा जेमतेम विशीतला होता आणि रडत होता.

पुस्तक माझ्या हातात उघडं होतं. आकृती चौदा माझ्यासमोर होती. कळफलकाचं साधं चित्र. दोन कळा काळ्या केलेल्या, एक बाण. कळफलकाच्या निम्म्या कळा एव्हाना फरशीवर होत्या हे खरं, पण त्या दोन जागेवर होत्या. मला कपाटाच्या फटीतून दिसत होत्या. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. सपकाळाचा डावा हात अजून मोकळा होता. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मग दांडा घेतलेल्या माणसाची नजर कपाटाकडे गेली. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या भुवईवर काच रुतलेली होती. “तू कोण?” त्याने विचारलं. काही वेळाने तो मला सोडून परत सपकाळाकडे वळला. त्याने दांडा उचलला. बरगड्यांवर एक बसला, दुसरा बसला, आणि तेवढ्यात पोलीस आणि वॉर्डातले लोक आत आले.

डॉक्टर इनामदारांना शेवटी कोणीतरी स्कूटरवर जाऊन आणलं. चाळीस मिनिटं गेली होती. जीपमधले दोघे वारले. त्यातला एक त्या दांडेवाल्या माणसाचा भाऊ. वेळेवर फोन लागला असता तर तो वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

मी गडबडीत बाहेर पडलो. पुस्तक पिशवीत घातलं. सुतळीसुद्धा उचलून घेतली होती, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. सपकाळ तोवर बहिणीकडे, वडगाव-थोरात नावाच्या खेड्यात गेला होता. अंध शाळेत तो टंकलेखन शिकला होता. हे पत्र त्याने डाव्या हाताने टाइप केलेलं असणार, कारण कित्येक अक्षरं एकमेकांवर बसली होती. त्याने लिहिलं होतं:

‘मास्तर, सा. न. वि. वि. रुग्णालयाने माझी चौकशी लावली आहे. म्हणतात, पुस्तिकेत कृती दिलेली आहे, तिची कॅसेट ऑपरेटरला पुरवली होती, तरी त्याला जमलं नाही. सबब आंधळ्या माणसाला या जागेवर ठेवू नये. चौकशी सोमवारी २३ तारखेला आहे. ती आकृती कॅसेटमध्ये नव्हती, एवढं आपण दोन ओळींत लिहून दिलं तर माझी नोकरी राहील. माझ्यामागे आणखी तीन जण ऑपरेटरची परीक्षा देतायत, त्यांचाही प्रश्न आहे. आणखी एक. त्या दिवशी खोलीत’

इथे मजकूर संपला होता. शेवटच्या ओळीची अक्षरं फिकट होती. खाली कोरं.

त्या दिवशी खोलीत. या तीन शब्दांवर मी अडलो. त्याला माहीत आहे, असं वाटलं. मग वाटलं, नसेल. तो बेशुद्ध होता. मग वाटलं, दोन ओळी लिहिल्या की चौकशीवाले बोलावतील, पुस्तक कुठे होतं विचारतील, तुम्ही कुठे होता विचारतील. सोमवार आला आणि गेला. महिन्याभराने कळलं, सपकाळाला काढलं आणि त्या जागेवर यापुढे डोळस माणूसच घ्यायचा असा ठराव झाला. मी लायब्ररीत वाचायला जाणं बंद केलं. घशाचं कारण सांगितलं.

या मार्चमध्ये लायब्ररीच्या सुलभा बर्वे यांचा फोन आला. जुन्या कॅसेटी आता मेमरी कार्डवर घेतायत. माझ्या आवाजातल्या कॅसेटी नीट उतरल्यात का ते मी येऊन ऐकावं. मला नाही म्हणता येत नाही. गेलो.

“ही तुमची शेवटची,” सुलभाताई म्हणाल्या. “आम्ही सगळ्या सभासदांकडून कॅसेटी परत मागवल्या, तेव्हा ही आली. एकोणतीस वर्षं ठेवून घेतली होती सपकाळांनी. तुम्हाला माहीत असतील ना सपकाळ? वडगावचे.”

“अजून सभासद आहेत?”

“आहेत म्हणजे! तुमची अकराच्या अकरा पुस्तकं पुन्हा पुन्हा नेतात. मी म्हटलं, नवे वाचक आलेत, ऐका की. तर म्हणाले, नको, ते मास्तर स्वच्छ बोलतात.”

त्यांनी बटण दाबलं. खरखर, मग माझा आवाज. तेरावी आकृती वगळली. दोन परिच्छेद. मग माझं खाकरणं. मग शांतता, पान थोडं हलल्याचा आवाज, परत खाकरणं. म्हणजे मी थांबलो होतो. मी ते चित्र पाहिलं होतं, सांगावं का असा विचार केला होता. मग तो आवाज म्हणाला, “आकृती चौदा. वगळली आहे.”

घरी आलो आणि शब्दकोशाचा तिसरा खंड काढला. खिडकीशी बसलो. उन्हं कलली होती आणि कागद माझ्या हातात तिरका होता.

खालचा अर्धा कोरा नव्हता.

त्यावर ओळीमागून ओळी होत्या. शाईच्या नाहीत, कळांच्या ठोक्यांनी कागदात उमटलेल्या. टाइपरायटरची फीत मधेच संपली होती किंवा निसटली होती. टाइप करणाऱ्याला ते दिसणार नव्हतं. आणि ज्या बहिणीने पत्र पाकिटात घातलं असेल तिला वाचता येत नसावं. मी शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने कागदावर फिरवली. अक्षरं पांढरी होऊन वर आली.

‘तुम्ही होता. मी शुद्धीवर होतो. त्या माणसाने विचारलं तू कोण, तेव्हा तुम्ही म्हणालात, माझा इथे काही संबंध नाही. अगदी स्वच्छ म्हणालात, कॅसेटसारखं. मला राग नाही असं लिहिणार नाही. आहे. पण ते मी चौकशीत काढणार नाही, शब्द देतो. तुम्हाला कोणी बोलावणार नाही असं बघतो. तुम्ही फक्त आकृतीचं लिहून द्या. बाकीचं माझ्यापाशी राहील. उजव्या हाताची दोन बोटं आता वाचत नाहीत, डावी शिकतायत. आणि मास्तर, ती आकृती काय होती ते मला तरी सांगा. अजून मला माहीत नाही. आपला, भि. सपकाळ.’

हो, मी ते म्हणालो होतो. वर लिहिताना मी ते वगळलं. आवाज गेला होता असं जे लिहिलं तेही अर्धंच खरं आहे. त्या एका वाक्यापुरता तो परत आला होता.

ज्या गोष्टीला भिऊन मी उत्तर दिलं नाही, तिच्यातून त्याने मला त्याच कागदावर मोकळं केलं होतं. कागद जरा उजेडात तिरका धरायचा होता.

सुलभाताईंकडून मी ब्रेलची पाटी आणि टोचणी आणली. त्यात उजवीकडून डावीकडे, उलटं टोचत जावं लागतं. कागद पालटला की टिंबं वर येतात. पंच्याहत्तराव्या वर्षी टोचणी नेमकी जागेवर पडत नाही. पाच आठवडे गेले. चांगले जाड साठेक कागद वाया घालवले. सुलभाताई म्हणाल्या, “मला सांगा ना मजकूर, मी दहा मिनिटांत करून देते.” मी म्हटलं, हे मलाच करू द्या.

उत्तर एवढंच झालं:

‘श्री. सपकाळ यांस. आकृती चौदा. कळफलकाचं चित्र आहे. सर्वांत खालच्या ओळीतली डावीकडची पहिली कळ काळी केली आहे. ती दाबून धरायची. सर्वांत वरच्या ओळीतली उजवीकडची शेवटची कळ काळी केली आहे. ती दोनदा दाबायची. तिच्यापासून एक बाण बाहेर जातो. चित्रात याहून जास्त काही नाही. तुमच्या पत्राचा खालचा भाग मी या मार्चमध्ये वाचला. पुस्तक माझ्या हातात उघडं होतं. मला सांगता आलं असतं. माझा संबंध होता. श्रीधर उकिडवे.’

सोबत दुसऱ्या कागदावर, शाईने, रुग्णालयाच्या नावे दोन ओळी लिहिल्या: आकृती चौदा मी कॅसेटमध्ये वाचली नव्हती, दोष ऑपरेटरचा नव्हता. खाली सही आणि लिहिल्या दिवसाची तारीख. त्या कागदाचं काय करायचं ते सपकाळाने ठरवावं.

काल सकाळी पोस्टात गेलो. खिडकीशी सात-आठ जण होते. कारकून तरुण होता, टपाल भराभर हातावेगळं करत होता: पाकीट घ्यायचं, वजन, आणि तारखेचा शिक्का दाणकन मारायचा. प्रत्येक ठोक्याला टेबल हादरत होतं. माझा नंबर आला. त्याने पाकीट चाचपलं. “ब्रेल आहे होय? याला तिकीट नाही लागत, आजोबा.” असं म्हणत त्याने ते टेबलावर मधोमध ठेवलं आणि शिक्का उचलला.

एका ठोक्यात टिंबं सपाट झाली असती.

“थांबा!” मी ओरडलो.

आवाज पोस्टभर गेला. रांगेतली माणसं वळली. एक बाई दचकून मागे सरली. मला स्वतःलाही तो आवाज ओळखू आला नाही. कारकुनाचा हात वरच राहिला होता.

“बोटांनी वाचायचंय ते,” मी म्हणालो. “मारू नका. कोपऱ्यात मारा. हळू.”

“बरं बरं,” तो म्हणाला. “ओरडायला काय झालं?”

त्याने कोपऱ्यात, जिथे कागद एकेरी होता तिथे, शिक्का नुसता टेकवला. मग पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि माझ्यामागच्या बाईंकडे हात केला.